बांधलेल्या कलमाला हात लावू नये

माझा दीर दत्तप्रसाद काजूची कलमं बांधतो. हे वाक्य दत्ताला आवडेल, कारण ते सरळ आहे. त्याला सरळ वाक्यंच कळतात. ‘कदाचित’, ‘बहुतेक’, ‘बघू या’ असलं काही कानावर पडलं की त्याच्या कपाळाला आठी पडते आणि तो समोरच्याला विचारतो, “म्हणजे व्हय काय नाय?” मी शाळेत मराठी शिकवते. दत्ता माझ्या वर्गात असता तर चूक की बरोबर एवढेच प्रश्न सोडवून, बाकीचा पेपर कोरा देऊन घरी आला असता.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो दहावीला बसला होता आणि गणिताच्या भीतीने संध्याकाळी माझ्या मागे मागे फिरायचा. त्यामुळे त्याला ‘भावजी’ म्हणायला माझी जीभ कधी वळलीच नाही. मी दत्ता म्हणते, तो मला वयनी म्हणतो, आणि मला विचारल्याशिवाय तो कुठलीच गोष्ट करत नाही. म्हणजे आधी मला विचारतो, मग माझ्या नवऱ्याला, मग आमच्या सासूबाईंना, मग तिठ्यावरच्या चहावाल्याला, आणि सरतेशेवटी ज्याने तोंड उघडलं त्याचं ऐकतो. स्कूटर घ्यायची तेव्हा मी लाल म्हटलं, माझा नवरा सत्यवान निळी म्हणाला, आणि घरी आली ती राखाडी. दुकानातल्या पोराला ती खपवायची होती.

पण हाच माणूस कलमांच्या मांडवात बसला की कोणालाही काही विचारत नाही. खुंटाच्या, म्हणजे खाली मुळं देणाऱ्या रोपाचा शेंडा छाटतो, मधोमध चीर देतो, चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवतो, वरून पट्टी गुंडाळतो आणि रोप सावलीत नेऊन ठेवतो. मिठबावपासून बांद्यापर्यंतची माणसं त्याची कलमं घेऊन जातात. तिथे त्याचा एकच कायदा आहे, “बांधलेल्या कलमाक हात लावूचो नाय.” माझी मुलगी ओवी लहान असताना, कोंब आला का ते बघायला तिने एकदा काडी हलवून पाहिली. दत्ता तिच्यावर ओरडला नाही, पण कितीतरी दिवस तिला मांडवाच्या दाराशीसुद्धा उभं केलं नाही.

दत्ताची बायको नम्रता तळेऱ्याची. मोठ्याने हसणारी, ब्लाउज शिवण्यात हात बसलेली, कोणाला न घाबरणारी. तिला बघून परत येताना दत्ता गाडीत मला म्हणाला, “वयनी, बरी आसा मां?” मी म्हटलं, बरी आहे. “नक्की मां?” नक्की, म्हटलं. माझ्या आयुष्यात मी दत्ताला दिलेलं हे एक उत्तर शंभर टक्के खरं निघालं.

मूल मात्र झालं नाही. वर्षं गेली, नवस झाले, इकडचे तिकडचे पाले झाले, आणि मग कोल्हापूरचं हॉस्पिटल झालं. दोघांचं बीज बाहेर काढून काचेच्या बशीत एकत्र आणायचं, त्याचा गर्भ झाला की तो नम्रताच्या पोटात नेऊन सोडायचा, आणि मग तो आत रुजतो का याची वाट बघायची. तिथले पहिले डॉक्टर वयस्क होते. गर्भ सोडल्यावर म्हणाले, “आता जपा. काही दिवस एकत्र झोपू नका.” झालं. ‘जपा’ म्हणजे काय ते दत्ताला सगळ्या तालुक्यात सर्वांत जास्त कळत होतं.

त्याने नम्रताला मधल्या खोलीत नेऊन ठेवलं. खिडकीला पडदा लावला. शिवणाचं मशीन पडवीत आणलं आणि त्यावर चादर घातली. तिचं जेवण दाराशी ठेवायचं, तिच्याशी हळू बोलायचं, तिने हसायचं नाही, आणि हात तर कोणीच लावायचा नाही. स्वतः दत्ता पडवीत झोपे आणि सकाळी उंबऱ्याबाहेरून विचारी, “बरा वाटता मां?” मला हे बघून चीड येई. बाईमाणूस म्हणजे काय रोप आहे? पण बोलायची सोय नव्हती. मी बोलले असते आणि काही बिनसलं असतं तर खापर माझ्याच डोक्यावर फुटलं असतं.

बिनसलं ते मी न बोलताच बिनसलं. एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळा रक्ताची तपासणी व्हायच्या आधीच नम्रताला पाळी आली. दोन्ही वेळा ती खोलीतून बाहेर आली, मशीनवरची चादर काढली आणि शिवायला बसली. दत्ता मांडवात जाऊन बसला. मीही त्यांना तसंच असू दिलं. असल्या वेळी काय बोलतात ते मला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या खेपेला ते जुने डॉक्टर निवृत्त झाले होते आणि त्यांच्या खुर्चीत एक तरुण डॉक्टरबाई बसल्या होत्या. नम्रता मला म्हणाली, “वयनी, तुमी वांगडा येवा. ह्येंका एकट्यांका काय सांगितला ता कळत नाय.” म्हणून मी रजा टाकून सोबत गेले. गोठवून ठेवलेला एकच गर्भ आता शिल्लक होता. तो रुजला तर मूल, नाही तर संपलं. सगळं पुन्हा पहिल्यापासून करायचं बळ नम्रताच्या अंगात उरलं नव्हतं, आणि तसं तिने आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं.

डॉक्टरबाईंनी गर्भ सोडायचा दिवस सांगितला, औषधं सांगितली आणि मग सहज म्हणाल्या, “या दिवसांत दोघांनी वेगळं राहायची गरज नाही. नेहमीसारखं राहा. उलट काही ठिकाणी असं दिसलंय की त्या सुमाराला पती-पत्नीचा संबंध आला तर गर्भ रुजायला थोडी मदत होते.”

दत्ताचे कान लाल झाले. मी भिंतीवरच्या गोबऱ्या बाळांची चित्रं बघू लागले. पण दत्ता गोंधळला की लाज विसरतो. ऑफिसात बोलायची ठेवणीतली मराठी काढून तो म्हणाला, “मॅडम, गर्भ तर तुम्ही बाहेरच तयार केला. मग आता माझं काम काय?”

“बघा,” बाई म्हणाल्या, “गर्भ अर्धा आईचा, अर्धा बाबांचा. आईच्या शरीराला तो अर्धा भाग परकाच. एरवी दिवस राहतात तेव्हा वीर्य आधी गर्भाशयापर्यंत पोचलेलं असतं. त्यामुळे शरीराला त्या परक्या भागाची ओळख होते आणि ते त्याला हाकलून देत नाही, असं मानतात. तुमच्या बाबतीत ती भेट बशीत झाली. गर्भाशयाची ओळख राहूनच गेली.”

“म्हणजे आता ओळख करून द्यायची?”

“तसं म्हणा हवं तर.”

“आणि नाही दिली तर?”

“तरी रुजू शकतो. पुष्कळांचे रुजतात.”

“आणि दिली तर रुजतो?”

“तेही नक्की सांगता येत नाही. काही अभ्यासांत फरक दिसला, काहींत दिसला नाही.”

दत्ताच्या कपाळावर ती आठी आली. मग त्याने जे विचारलं ते ऐकून मला टेबलाखाली जावंसं वाटलं. “पण मॅडम, आत तो गर्भ एकटा आहे. आणि वरून माझे हे… नवीन लोक गेले. लाखांनी. ते त्याला त्रास नाही देणार?”

नम्रता फस्सकन हसली. किती दिवसांनी मी तिचं ते हसू ऐकलं. डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, “प्रश्न चांगला आहे. एक शुक्रजंतू आत गेला की बीजाचं कवच दुसऱ्याला आत घेत नाही. पण नंतर बाहेरून कोणी येऊन चिकटले, तर गर्भावर त्याचा काही परिणाम होतो का, चांगला की वाईट, हे अजून कोणाला पुरतं कळलेलं नाही. शोध चालू आहे. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही.”

मला ती बाई एकदम आवडली. माहीत नाही असं तोंडावर सांगणारा डॉक्टर मी पहिल्यांदा बघत होते. दत्ताचा चेहरा मात्र भर बाजारात खिसा कापला गेल्यासारखा झाला होता.

गगनबावड्याचा घाट उतरेपर्यंत नम्रता माझ्या खांद्यावर झोपली होती. तळेऱ्याला चहाला गाडी थांबली. नम्रता गाडीतच बसली आणि दत्ता मला बाजूला घेऊन गेला. बाजूला म्हणजे भजीवाल्याच्या कढईपाशी.

“वयनी, खुंटाक कधी काडयेची वळख करून देतत काय?”

“माका काय इचारतंस? कलमा तू बांधतंस.”

“म्हणानच इचारतंय. मी इतकी वर्सा बांधतंय, तेंची वळख कोणी करून देवक नाय. बांधायची आनि गप रवाचा. मगे आता ह्या कसा काय?” आवाज आणखी चढवून तो म्हणाला, “तू सांग, नम्रताच्या जवळ रवाचा काय लांब?”

भजीवाल्याचा झारा हवेतच थांबला. “मेल्या, हळू बोल,” मी म्हटलं. “जवळ रव.”

“पन पयले डॉक्टर म्हणाले लांब.”

“मगे लांब रव.”

“पन ह्या बाई तर…”

“दत्ता,” मी म्हटलं, “तुझी च्या निवता हा.”

घरी येऊन त्याने जुन्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, “माझं मत तेच. उगाच धोका कशाला घ्या?” आता दोन बाजूंना दोन डॉक्टर झाले. दत्ताने सत्यवानला विचारलं. सत्यवान वर्तमानपत्रात तोंड घालून म्हणाला, “डॉक्टर सांगतलो तसा कर.” कुठला डॉक्टर, असं विचारायच्या आत तो उठून गेला. मी शहाणपण करून मोबाइलवर याविषयी काय काय वाचलं. एका ठिकाणी होतं की मदत होते. दुसऱ्या ठिकाणी होतं की गर्भाशय आकसतं, म्हणून टाळा. तिसऱ्या ठिकाणी होतं की काहीच फरक पडत नाही, आपल्या डॉक्टरांना विचारा. मी मोबाइल उशीखाली ठेवला. आता दत्ताइतकीच मीही गोंधळले होते आणि ते त्याला कळू द्यायचं नव्हतं.

कोणी सांगेना, तेव्हा दत्ता देवाकडे गेला. आमच्याकडे असं अडलं की रवळनाथाला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि मग वाट बघायची. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. दत्ताच्या स्वभावाला याच्याहून चांगला सल्लागार मिळणं शक्य नव्हतं. अडचण एकच. गाऱ्हाणं मोठ्याने घालावं लागतं, आणि त्या दिवशी सगळा गाव देवळात जमलेला होता, कारण गावपळणीचा कौल घ्यायचा होता.

आमच्या गावात काही वर्षांनी गावपळण येते. देवाने हुकूम दिला की सगळा गाव, गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री, म्हातारीकोतारी, सगळे तीन दिवस गावाच्या शिवेबाहेर जाऊन माडाच्या विणलेल्या झापांच्या झोपड्यांत राहतात. गावात दिवा लावायला म्हणून कोणी राहत नाही. देवाने उजवा कौल दिला, ढोल वाजला, गावपळणीचा दिवस ठरला, आणि तो दिवस ऐकून नम्रताने माझा हात दाबला. गर्भ सोडायचा होता त्याच दिवशी गाव बाहेर पडणार होता.

दत्ताला ते ऐकूच आलं नव्हतं. तो गुरवासमोर जाऊन उभा राहिला.

“काय इचारूचा?” गुरव म्हणाला.

“दवाखान्याचा,” दत्ता म्हणाला.

“जावचा काय नुको, असा?”

“नाय, जावचा तर आसाच.”

“मगे इचारतंस काय?”

दत्ताने मागे बघितलं. सगळा गाव कान टवकारून उभा होता. सासूबाई पुढेच होत्या. “डॉक्टरांनी दोन वाटो दाखयल्यानी,” तो म्हणाला. “खंयची धरूची?”

“देवाक एकच काय ता सांग. ही धरूची, काय नुको?”

“तीच… म्हणजे दुसरी,” दत्ता म्हणाला. त्याला घाम फुटला होता.

गुरवाने मान हलवली आणि गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराच्या मनात जा काय आसा, तेचो उजवो-डावो कर रे म्हाराजा!” आणि मनात काय आहे ते कोणालाच ठाऊक नसताना अख्खा गाव ओरडला, “व्हय म्हाराजा!”

पाकळ्या पडल्या नाहीत. गुरवाने दुसरं गाऱ्हाणं घातलं, तिसरं घातलं. दत्ता डोळे मिटून उभा. उजवी हलेना, डावी हलेना. शेवटी गुरव कंटाळून म्हणाला, “इचारतल्याकच म्हायत नाय तो काय इचारता ता. देव काय सांगतलो?” लोक हसले. दत्ता पायऱ्या उतरून आला तेव्हा त्याचा चेहरा बघून मला हसू आलं नाही. डॉक्टरांना कळलेलं नाही, देव बोलत नाही, आणि गर्भ तर एकच उरलेला. त्याच्या जागी मी असते तर मीही रडले असते.

गावपळणीच्या दिवशी आम्ही पहाटेच कोल्हापूरला निघालो, मी, दत्ता आणि नम्रता. गर्भ सोडून झाला. डॉक्टरबाईंनी पडद्यावर एक बारीक पांढरा ठिपका दाखवला आणि म्हणाल्या, “हा बघा.” नम्रताने बघितलं. दत्ताने इतका वेळ बघितलं की नर्सने पडदा बंद केला. संध्याकाळी परत आलो तो गाव रिकामा. गाडीवाला शिवेवरच थांबला आणि तिथून आम्ही व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या काठावरच्या आमच्या झोपडीपर्यंत चालत गेलो. दत्ता पुढे राहून वाटेतले दगड बाजूला करत होता, जणू पाय आपटला की आतला ठिपका गळून पडणार होता.

झोपडी काय, चार बांबूंवर झाप घातलेले. एका अंगाला सासूबाई, मी आणि ओवी; दुसऱ्या अंगाला लुगड्याचा आडोसा करून नम्रताची जागा. सत्यवान आणि दत्ता बाहेर. सासूबाईंनी आपलं ठरवून टाकलं होतं. “देवाचे दिवस आसत. पुरुषांनी भायरच रवाचा,” त्या म्हणाल्या. दत्ताने मान डोलावली आणि आपलं अंथरूण काजूच्या झाडाखाली घातलं. पण घालून तिथे बसेना. येरझाऱ्या घालत होता. एकदा आत डोकावला, एकदा व्हाळापर्यंत गेला, एकदा माझ्याकडे येऊन नुसता उभा राहिला आणि परत गेला. आजूबाजूच्या झोपड्यांत भजनं चालली होती, कोणी पत्ते खेळत होतं, बायका फुगड्या घालत होत्या. गावपळण म्हणजे आमच्याकडे सगळ्यांची सहलच असते. त्या सगळ्या गलबल्यात दत्ता एकटाच हरवलेल्या माणसासारखा फिरत होता.

मग नम्रता उठली. सावकाश, पण कोणाचा आधार न घेता. झाडाखाली गेली, दत्ताचं अंथरूण उचललं, काखेत मारलं आणि आत आणून आपल्या अंथरुणाला लागून पसरलं.

सासूबाईंचं तोंड उघडंच राहिलं. “अगो, ह्या काय?”

“ह्येंचा आथरूण हयच रवांदे,” नम्रता म्हणाली. आवाज चढवला नाही, खाली मानही घातली नाही.

दत्ता झाडाखाली दोन्ही हात लोंबते सोडून उभा. “पन… देवान कौल देवक नाय,” तो म्हणाला.

“देवान नुको असा पन म्हणाक नाय,” नम्रता म्हणाली. “येवा आत. दव पडता.”

मी मनात म्हटलं, शाबास. बाईने डॉक्टरबाईंचं ऐकायचं ठरवलं. सासूबाईंना भजनाचं निमित्त सांगून मी शेजारच्या झोपडीत घेऊन गेले. त्या वाटभर पुटपुटत होत्या, “लाज नाय, शरम नाय.” ओवीला मी आधीच फुगडीला पिटाळलं होतं. लुगड्याच्या आडोशामागे पुढे काय झालं की झालंच नाही, ते मला माहीत नाही. मी मास्तरीण असले तरी सगळंच तपासत बसत नाही.

चौथ्या दिवशी देवाने परत यायचा कौल दिला आणि गाव घरी आला. घरी आल्यावर मधल्या खोलीच्या खिडकीला पडदा लागला नाही. दत्ता आता तिथेच झोपायचा. पण त्याच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. नम्रताच्या पोटात कळ आली की म्हणे, जवळ राहिलो म्हणून आली. कळ थांबली की म्हणे, जवळ राहायला पाहिजे होतं, आता लांब बसलो म्हणून थांबली असेल. कळ येणं चांगलं की थांबणं चांगलं, हे तो मला दिवसातून कितीदा तरी विचारायचा आणि मी प्रत्येक वेळी वेगळं उत्तर द्यायचे. एकदा त्याने तिचे पाय चेपले आणि मग घाबरून डॉक्टरबाईंना फोन करून विचारलं की पाय चेपले तर चालतं का. नम्रता मात्र शिवायला बसली होती. शिवता शिवता दत्ताला सुईत दोरा ओवायला लावत होती, त्याच्या चुका काढत होती, मोठ्याने हसत होती. तिला हसताना बघून सासूबाईंचा राग उतरला. त्या तिच्यासाठी गोडाचं करून ठेवू लागल्या. घरातल्या सगळ्यांना उगाच वाटायला लागलं की या वेळी रुजणार. मलाही वाटायला लागलं. कशावरून, ते विचारू नका.

रक्ताच्या तपासणीला जायचं होतं त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, मी चहा घेऊन त्यांच्या खोलीकडे गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. नम्रता खाटेच्या कडेला बसली होती, केस मोकळे, हातात ओला टॉवेल. दत्ता खाली जमिनीवर बसून तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडत होता. लहान पोरासारखा, खांदे हलवून हलवून. नम्रता त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती. पाळी आली होती, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. चहाचा कप हातात घेऊन मी उंबऱ्यातच उभी राहिले.

दत्ताने तोंड वर केलं. “वयनी, लांब रवलंव तेवा गेला. जवळ रवलंव, तरी गेला. मगे चुकला खंय?”

मी एवढी वर्षं त्याला उत्तरं देत आले. खरी, खोटी, रागाने, थट्टेने. या वेळीही एक दिलं. “काय चुकाक नाय रे,” मी म्हटलं. पण ते मलाच पटलं नव्हतं, त्याला काय पटणार?

तो नम्रताकडे वळला. “तू माझा आथरूण आत हाडलंस. वळख होवची म्हणान मां? मगे ती वळख झाली नाय काय?”

“मी वळखीसाठी हाडूक नाय,” नम्रता म्हणाली.

मला वाटलं होतं, तिने डॉक्टरबाईंचं ऐकलं. सासूबाईंना वाटलं होतं, सुनेला लाज उरली नाही. दत्ताला वाटलं होतं, हा उपचाराचाच भाग.

“मगे कित्याक?” दत्ताने विचारलं.

नम्रता टॉवेलची घडी घालत बोलायला लागली. “आदल्या दोन टायमाक ह्या झाला तेवा मी न्हाणीत एकटी होतंय. भायर येवन तुमका सांगूक गेलंय, तर तुमी पडवेसून इचारल्यात, ‘उठलंस कित्याक?’ माका वाटला, मी उठलंय म्हणानच गेला. दोनय टायमाक तसाच वाटला. कोणाक सांगूक नाय.” तिने घडी मोडली आणि परत घालायला घेतली. “ह्या टायमाक मी ठरवलंय, रुजात तर रुजात. पन जावचाच आसला तर मी एकटी आसूक नको. इतक्याच माझ्या मनात होता.”

“म्हणजे तुका म्हायत होता, रवाचा नाय म्हणान?”

“नाय ओ,” ती म्हणाली. “माका काय म्हायत? कोणाक म्हायत आसा?”

आणि मग इतका वेळ कोरडे असलेले तिचे डोळे भरून आले. “आता माका रडाक येता,” ती म्हणाली, जणू आमची परवानगी मागत होती. दत्ता जमिनीवरून उठला, खाटेवर तिच्या शेजारी बसला आणि माझ्या देखत त्याने तिला घट्ट जवळ घेतलं. मी कप खिडकीत ठेवला आणि दार ओढून बाहेर आले.

सासूबाई पडवीतून विचारत होत्या, “काय झाला गो? कोण रडता?”

“दोघांय रडतत,” मी म्हटलं.